दोन गिरण्यांचा कागद

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही मी उरलेल्या तावांची बांधली आहे. पहिली चाळीस पानं पिवळट, मग पांढरी, मधे आठ गुळगुळीत, ज्यांच्यावर पेन घसरतं. कुणी विकत घेणार नाही अशी वही. आज डॉक्टर म्हणाले, "काय काय होतंय ते तारीख घालून लिहीत जा." त्यांना फक्त पोटाबद्दल हवं आहे. पण कोरा कागद वाया घालवणं मला जमत नाही, तेव्हा पोटाच्या आजूबाजूचंही येईल.

तर पोट. दोन महिने थकवा आहे. जिना चढून कारखान्यात आले की कटिंग मशीनला टेकून उभी राहते. शौचाला दोनदा रक्त पडलं. पहिल्यांदा ते मी टोमॅटोवर ढकललं. दुसऱ्यांदा टोमॅटो खाल्लेला नव्हता.

बेबीताईंना सांगितलेलं नाही. बेबीताई म्हणजे माझी नणंद. ह्यांच्या भावंडांत सगळ्यांत धाकटी म्हणून बेबी, वय अठ्ठावन्न. हे गेल्यापासून सहा वर्षं पुस्तकबांधणीचा कारखाना आम्ही दोघी चालवतो. मी कापते, पुठ्ठा चढवते, कण्यावर सोनेरी अक्षरं उठवते. त्या शिवतात. शिवतात कमी, बोलतात जास्त.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या दुर्बीण घालून आतडं पाहणार आहेत. त्यासाठी आज पोट रिकामं करायचं औषध, चार बाटल्या. चवीला आमची पुस्तकं चिकटवायची खळ बरी.

बेबीताईंना कळलं. एका संडासाच्या घरात गुपित किती वेळ टिकणार? सातव्या फेरीला दाराबाहेरून म्हणाल्या, "वहिनी, जिवंत आहेस ना?"

"आहे."

"मग जरा आवर. जिवंत मीही आहे."

बाहेर आल्यावर खरं सांगावं लागलं. मला वाटलं रडतील. त्यांनी कमरेवर हात ठेवून मला झापलं, की टोमॅटो म्हणे! बत्तीस वर्षं तू ह्या घरात आहेस, टोमॅटो असा कधी वागला आहे का?

संध्याकाळी मुलाचा फोन. तो दूर असतो, एरवी रविवारी करतो. आज शुक्रवारी केला आणि पहिला प्रश्न, "आई, उद्या कितीला जायचंय?" मी त्याला एक अक्षर बोलले नव्हते. रक्ताची ओढ म्हणतात ती खोटी नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गाठ सापडली होती, आज तुकड्याचा रिपोर्ट आला. मोठ्या आतड्याचा कर्करोग.

शब्द माझ्या चांगला ओळखीचा. वैद्यकीय महाविद्यालयाचे सगळे प्रबंध आमच्याकडे बांधायला येतात. 'मोठ्या आतड्याचा कर्करोग: एकशे वीस रुग्णांचा अभ्यास' हे मीच गेल्या वर्षी निळ्या कापडावर सोन्यात उठवलं. कण्यावर मावेना म्हणून बारीक अक्षर घेतलं. त्यातला रफार उमटत नव्हता, तीनदा दाबला. तेव्हा सगळं लक्ष रफाराकडे होतं. ते एकशे वीस जण कोण, बरे झाले का, हे मनातही आलं नाही. आज दिवसभर तेच मनात आहे.

वाचायला मी अशीच शिकले, कामावरच्या छापील तावांवरून. शाळा दुसरीला सुटली. लग्नानंतर हे ताव घडी घालायला देत आणि मी अक्षरं लावत बसे. आता, घडी न घातलेल्या सोळा पानी तावावर पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं पान असतं. त्यामुळे बरेच दिवस मला वाटायचं की गोष्टी अशाच लिहितात: माणूस लग्नाला निघतो आणि शेजारच्या ओळीत त्याला स्मशानात पोचवून लोक घरी येतात. हे पोट धरून हसले होते. मग घडी कशी घालायची ते दाखवलं. तरी माझी समजूत अगदीच चुकीची होती असं आता वाटत नाही.

ह्यांचा चष्मा अजून शिवणीच्या चौकटीला अडकवलेला आहे. बेबीताई म्हणतात, धूळ बसते. मी रोज पुसते.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सीटी स्कॅनमध्ये यकृतातही गाठ दिसली. एकच, लिंबाएवढी.

सर्जन मला आवडतात. घाईत असतात, पण चित्र काढून सांगतात. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे आतडं काढलं, ते पाण्याच्या नळीसारखं दिसत होतं. यकृत काढलं, ते उशीसारखं दिसत होतं. मग नळीपासून उशीपर्यंत एक बाण. म्हणाले, "इथून निघून इथे गेला असणार. म्हणजे पसरलाय. मग लगेच ऑपरेशन नाही. आधी काही महिने सलाइनमधून आतड्याच्या कॅन्सरचं औषध देऊ, मग पाहू."

"पाहू म्हणजे?"

"गाठ आटोक्यात आली तर ऑपरेशन."

"आणि नाही आली तर?"

त्यांनी बाण जरा जाड केला.

छापखानेवाले आम्हाला नेहमी 'पाहू' म्हणतात. 'पाहू' म्हटलेलं काम आजवर वेळेत आलेलं नाही. मी विचारलं, सरळ दोन्ही कापून टाकता येणार नाहीत का? आमच्याकडे डाग पडलेली पानं आम्ही कापूनच काढतो. ते म्हणाले, "डाग दोनच पानांवर असता तर मीही कापला असता. पसरलेला डाग आणखी कुठल्या पानात मुरलाय ते आज दिसत नाही."

उत्तर चोख होतं, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. खात्रीसाठी यकृतातूनही सुईने तुकडा काढणार आहेत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

यकृताच्या तुकड्याचा रिपोर्ट आला, दोन पानं. हाही कर्करोगच, आतड्यातल्या जातीचाच दिसतो. सर्जनांनी ठळक ओळ वाचली, मान हलवली आणि नऊ मार्चपासून औषध ठरवलं.

घरी येऊन पंधरा मिनिटांत मुलाचा फोन: "आई, नऊ तारखेला मी येतोय." हा मुलगा ज्योतिषी व्हायचा, उगाच इंजिनिअर झाला.

बेबीताईंचं वागणं मात्र मला खटकतं आहे. आज कटिंग मशीनवर उभ्या होत्या. "मला शिकव." आधी म्हणे मशीन, मग म्हणे सोनेरी अक्षरं. सहा वर्षांत कधी हात लावला नाही आणि आता मी आजारी पडल्यावर सगळं शिकायचं आहे. माणूस खुर्चीवरून उठायच्या आत लोक रुमाल टाकतात. शिकवलं. हात इतका थरथरत होता की पुठ्ठा तिरका गेला. असल्या हाताने कारखाना कसा चालवणार?

१ मार्च, रविवार

माझे रिपोर्ट एव्हाना सत्तावन्न पानं झाले आहेत. हॉस्पिटलच्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले, कुणाचा कान मुडपलेला, कुणाला टाचणी. दोन बांधणीवाल्या बायकांच्या घरात हे दृश्य! बेबीताई म्हणाल्या, "वहिनी, डॉक्टर काय म्हणतील? मोची अनवाणी."

आज दुपारी बसलो आणि तारखेनुसार लावून बांधूनच टाकले. बेबीताईंनी शिवलं, जन्मात शिवलं नसेल इतकं घट्ट. लाल कापड, गोल कणा, रेशमी खूणफीत. तिन्ही कडा मशीनवर एकसारख्या कापल्या, सुरीसारख्या. कण्यावर मी सोन्यात उठवलं: 'पोट'. बेबीताईंनी विचारलं, पुढे 'खंड पहिला' नको? मी म्हटलं, तोंड सांभाळा.

फार देखणं पुस्तक झालं आहे. खरं सांगायचं तर आजचा दिवस मजेत गेला.

४ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते.

सलाइनच्या नोंदणीसाठी हॉस्पिटलच्या खिडकीवर गेलो. खिडकीवालीने फाइल मागितली. बेबीताईंनी पुस्तक पुढे ठेवलं, ठेवताना फुंकर मारून धूळ झटकली, जी नव्हती.

खिडकीवालीने ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "हे काय आहे?"

"फाइल."

"पानं सुटी करा."

"सुटी होत नाहीत," बेबीताई अभिमानाने म्हणाल्या. "ओढून बघा हवं तर."

तिने खरंच ओढून पाहिलं. मग विचारलं, "बारकोड कुठाय?"

"कुठला?"

"प्रत्येक पानाच्या कडेला काळ्या रेघा असतात, त्या."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या रेघा मला छापणाऱ्याच्या खुणा वाटल्या होत्या. आमच्या धंद्यात कडेच्या खुणा कापण्यासाठीच असतात. सत्तावन्न पानांच्या सत्तावन्न रेघा रविवारीच रद्दीच्या पोत्यात गेल्या.

मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, "काय झालं?" दुसरा म्हणाला, "आजीबाईंनी कॅन्सरची कादंबरी काढलीय." लोक हसले. मीही हसले असते, पण खिडकीवालीचा चेहरा हसण्यासारखा नव्हता. म्हणाली, जिथले रिपोर्ट तिथून पुन्हा छापून आणा. त्याशिवाय नोंद नाही.

"बारकोड कापणारी पहिलीच पेशंट पाहिली," असं ती आतल्या बाईला सांगत होती. बाकी कडा किती सरळ आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

६ मार्च, शुक्रवार

प्रयोगशाळेत गेलो. रिपोर्ट पुन्हा छापून मिळाले. बाकावर बसून मी पानं मोजली. न मोजता पानं ताब्यात घ्यायची सवय मला नाही. अठ्ठावन्न भरली.

पुन्हा मोजली. अठ्ठावन्न. बेबीताईंकडून मोजून घेतली. त्यांची एकोणसाठ आली, म्हणजे अठ्ठावन्नच.

टेबलावरच्या बाईला सांगितलं, एक पान जास्त आहे. ती म्हणाली, "असू द्या की, आजी. फुकट आहे."

"पान असं आगंतुक येत नाही. कुठून आलं ते सांगा."

मग पुस्तक उघडून एकेक पान जुळवत बसलो आणि सापडलं. यकृताचा रिपोर्ट आमच्या पुस्तकात दोन पानांचा होता, नवा तीन पानांचा. नव्याच्या तळाशी बारीक अक्षरात 'पान २/३' आणि 'पुढील मत रंगांच्या तपासणीनंतर'. आमच्या पानांवर तळाला काहीच नव्हतं, कारण तळही आम्हीच कापला होता. जन्मभर पानांचे आकडे तपासणारी बाई मी, आणि स्वतःच्या दुखण्याचा आकडा स्वतःच्या मशीनखाली घातला.

तिसरं पान मी बोट ठेवून वाचलं. अर्धं कळलं नाही. शेवटची ओळ कळली: 'आतड्यातील गाठीशी जुळत नाही. यकृतातील पित्तनलिकेतच स्वतंत्रपणे उगम झाला असण्याची शक्यता अधिक.' पित्तनलिका शब्द माहीत होता, तोही दोनदा सोन्यात उठवला आहे.

मी म्हटलं, हे लिहिणाऱ्या डॉक्टरांना भेटायचं आहे. बाई म्हणाली, त्या पेशंटना भेटत नाहीत. बेबीताई म्हणाल्या, "मग आम्हीच त्यांना भेटतो," आणि सरळ आतल्या दाराने गेल्या. ह्या बाईला कुठे थांबावं ते कळत नाही.

तुकडे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, चष्मा डोक्यावर, आणि बहुधा जिवंत पेशंट क्वचित पाहतात, कारण आम्हाला पाहून दचकल्या. पण मग मन लावून सांगितलं. साध्या रंगात दोन्ही गाठी सारख्याच दिसत होत्या. म्हणून दोन्हींच्या तुकड्यांना खास रंग लावले. एक रंग आतड्याच्या गाठीने घेतला, यकृताच्या गाठीने घेतला नाही. दुसरा यकृताच्या गाठीने घेतला, आतड्याच्या नाही. असं क्वचित होतं. ते पान चार दिवसांनी तयार झालं, पण तोवर फाइल हॉस्पिटलात गेलेली होती.

मी म्हटलं, "म्हणजे दोन गिरण्यांचा कागद."

"कसं?"

"दोन ताव डोळ्याला सारखे पांढरे दिसतात. शाई लावली की एकाच गिरणीचे की वेगळ्या ते कळतं. एक पितो, एक पीत नाही."

त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाल्या, "अगदी तसंच. हे मी विद्यार्थ्यांना सांगू का?"

सांगा म्हटलं.

९ मार्च, सोमवार

मुलगा पहाटेच्या गाडीने आला. तिघं मिळून सर्जनांकडे गेलो. मी तिसरं पान पुढे ठेवलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसले, मग पुन्हा वाचलं. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हे पान येणार असल्याचं माझ्या नजरेतून सुटलं," ते म्हणाले. "चूक माझी."

मी म्हटलं, "आमच्याकडेही सुटतं. म्हणून दोघांनी मोजायचं."

त्यांनी नवं चित्र काढलं. तीच नळी, तीच उशी, पण बाण नाही. म्हणाले, "पसरलेला एक नाही. दोन वेगळे आहेत, आणि दोन्ही अजून आपापल्या जागी दिसताहेत. आणखी तपासण्या करू. दुसरीकडे कुठे काही नसेल तर दोन्ही एकदमच काढू. महिने थांबायचं नाही. आज ते सलाइनही नको. त्या औषधाची वाट बघत बसलो असतो, तर ही यकृतातली वाढत गेली असती." मग माझ्याकडे सरळ पाहून म्हणाले, "यकृतातला कॅन्सर दुष्ट असतो. मी बरं करतो असं म्हणणार नाही. पण संधी आहे."

पंधरवड्यात पहिल्यांदा कुणी 'पाहू' म्हटलं नाही.

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. बेबीताई पदराने नाक पुसत बाहेर गेल्या आणि जिन्यावर आमचा छापखानेवाला भेटला, तो कुणाला तरी भेटायला आला होता. त्याला त्या मोठ्याने म्हणाल्या, "अहो, आनंदाची बातमी! वहिनींना एक नाही, दोन कॅन्सर निघाले!"

तो बिचारा भिंतीला टेकला. आम्ही खाली उतरलो तेव्हा नर्स त्याला पाणी देत होती.

२३ मार्च, सोमवार

सगळं अंग पालथं घालून झालं. आणखी कुठे काही नाही. उद्या ऑपरेशन.

भीती वाटत नाही. हे लिहून तीनदा वाचलं, वाक्य बरोबर आहे. फक्त आज दिवसभरात मी एकच पुठ्ठा चढवला आणि तोही उलटा.

सहीच्या कागदावर 'पतीचं नाव' असा रकाना होता. लिहिलं. पुढे 'संपर्क क्रमांक'. तिथे रेघ मारली. खिडकीवाली (तीच) म्हणाली, रकाना रिकामा चालणार नाही. बेबीताईंनी पेन हिसकावून स्वतःचा नंबर घातला. "भाऊ घरी नसला की माझ्याकडेच निरोप ठेवायचे लोक," म्हणाल्या. खिडकीवालीने मान्य केलं.

३१ मार्च, मंगळवार

दुखतं. हसलं की जास्त. बेबीताईंना बाहेर बसवा, असं मी नर्सला सांगितलं आहे.

१६ एप्रिल, गुरुवार

घरी. जिना एकदा चढले, दोनदा बसले.

काढलेल्या दोन्ही गाठींचा रिपोर्ट आला. नऊ पानं, आम्ही दोघींनी वेगवेगळी मोजली. गाठी वेगळ्याच होत्या हे पक्कं झालं. दोन्हींच्या कडा स्वच्छ, शेजारच्या लसिकाग्रंथींमध्ये काही नाही. आता पुढच्या महिन्यापासून सहा महिने गोळ्या. औषधांच्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही कॅन्सरना तीच गोळी चालते. बेबीताई म्हणाल्या, "बघ, तुझा संसार नेहमीच काटकसरीचा."

किती वर्षं, असं मी सर्जनांना विचारलं. म्हणाले, दर तीन महिन्यांनी दाखवत जा. दोन वर्षं जपायची, मग पुढची बघायची. आकडा दिला नाही. मीही जास्त ओढलं नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी वाचनालयाची गाडी दाराशी आली आणि हमालांनी फाटक्या पुस्तकांचे गठ्ठे उतरवायला सुरुवात केली. दहा झाले, वीस झाले. मी विचारलं, हे कुणी मागवलं? बेबीताई चहा ठेवायला आत गेल्या, त्या बराच वेळ आल्या नाहीत.

वाचनालयाच्या बाईंनी कामाची चिठ्ठी दिली. चारशे बारा पुस्तकं, उसवून पुन्हा बांधायची. 'कापणी, पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरं: वहिनी. शिवण: मी.' खाली बेबीताईंची सही. वाचनालय हॉस्पिटलच्या समोरच आहे आणि तिथल्या बाई फार शिस्तीच्या, प्रत्येक चिठ्ठीवर वेळ घालतात. चोवीस मार्च, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी टेबलावर पोट उघडून पडलेली होते.

चहा घेऊन आल्यावर मी त्यांना चांगलंच सुनावलं. "बाई आत मरते की जगते ते कळलेलं नाही आणि तुम्ही समोर जाऊन माझ्या नावाने कामं घेता? मला विचारायचं तरी!"

"विचारायला तू शुद्धीवर कुठे होतीस?"

"मग थांबायचं."

"पाच तास झाले होते बाकावर बसून," त्या म्हणाल्या. "मला नाही बसवत." आणि कप इतक्या जोरात ठेवला की चहा चिठ्ठीवर सांडला.

मुदत बघते तर पुढच्या वर्षीच्या डिसेंबरची अखेर. आम्ही दोघींनी मन लावून केलं तर दहा महिन्यांत व्हावं. खोडून अलीकडची तारीख घालणार होते, मग तशीच राहू दिली. शिवणीत त्या फार हळू आहेत.